सिनेमाचा कर्ता कोण? 'नीलम'च्या निमित्ताने निर्मिती संस्था समजून घेताना

'परियेरुम पेरुमाळ' हा तमिळ सिनेमा 2018 साली आला. त्यातला एक प्रसंग मी अजून विसरलेलो नाही. लॉ कॉलेजात शिकणारा नायक परियन आपल्या बापाला कॉलेजात घेऊन येतो. बाप लोकनाट्यात बाईचं सोंग घेऊन नाचणारा. अंग चोरून उभा राहणारा, कुणाशी बोलताना हात आपोआप जोडले जाणारा माणूस. वरच्या जातीची पोरं त्याला गाठतात, कमरेचं वस्त्र ओढून काढतात आणि तो बिचारा भर रस्त्यातून उघडा पळत सुटतो. आपल्याकडे फडावरचा नाच्या ज्यांनी पाहिलाय, रात्री टाळ्या घेणाऱ्या त्या माणसाला दिवसा गावात कशी वागणूक मिळते हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांच्या पोटात हा प्रसंग बघताना खड्डा पडतो.

ही भूमिका केली होती तिरुनेलवेली भागातल्या तंगराज नावाच्या लोककलावंताने. आयुष्यभर त्यांनी तेच सोंग वठवलं होतं. 2023 मध्ये ते गेले, पण त्याआधी सगळ्या तमिळनाडूने त्यांना 'परियनचा बाप' म्हणून ओळखलं.

आता विचार करा. चेन्नईत बापाच्या भूमिका करणारे कसलेले नट काही कमी नाहीत. पहिलाच सिनेमा करणाऱ्या दिग्दर्शकाने म्हणायचं, 'मला गावातला खरा नाचणारा माणूस हवा', आणि त्याला 'हो' मिळायचं, हे घडतं कसं? हा 'हो' देणारा असतो निर्माता, म्हणजेच निर्मिती संस्था. या लेखात मला सांगायचंय ते तिच्याबद्दल, हा सिनेमा करणाऱ्या चेन्नईच्या 'नीलम प्रॉडक्शन्स'च्या निमित्ताने.

निर्माता म्हणजे पैसे घालणारा, असं आपण सर्रास म्हणतो. ते अर्धंच खरं आहे. नीट समजायला तमाशाचा फड डोळ्यांसमोर आणा. फडमालक हंगामाआधी सावकाराकडून पैसा उभा करतो. त्यातून कलावंतांना उचल देतो. तंबू, कनाती, ट्रक, जनरेटर हे सगळं त्याच्या गळ्यात. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावला राहुट्या लागतात, गावोगावच्या यात्रा कमिट्या येतात आणि सुपारी ठरते. वग कुठला लावायचा, सोंगाड्या कोण, फलकावर नाव कुणाचं मोठं, हे फडमालक ठरवतो. पाऊस पडून खेळ बुडाला तर खोटही त्याचीच. सिनेमाचा निर्माता याच जागी उभा असतो. गोष्ट निवडणं, दिग्दर्शकावर विश्वास टाकणं, पैसा जमवणं, माणसं नेमणं, करार करणं, सिनेमा विकणं आणि चुकलं तर निस्तरणं, हे सगळं त्याचं काम.

कायद्याने तर त्याला आणखी मोठी जागा दिली आहे. कादंबरीचा कर्ता लेखक असतो, चित्राचा कर्ता चित्रकार. मग सिनेमाचा कर्ता कोण? आपण पटकन म्हणू, दिग्दर्शक. पण 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या व्याख्येनुसार सिनेमाचा आणि ध्वनिमुद्रणाचा कर्ता म्हणजे निर्माता. करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर सिनेमा त्याच्या मालकीचा. तो कुठे दाखवायचा, कुणाला विकायचा, दुसऱ्या भाषेत करायला द्यायचा की नाही, हे सगळं तो ठरवतो. ज्यांच्या जगण्यावर सिनेमा बनतो, ज्यांचे चेहरे आणि आवाज त्यात असतात, त्यांना या व्याख्येत जागा नाही. म्हणून 'वेगवेगळ्या थरांतल्या कलावंतांना संधी' हा विषय निघाला की मी आधी बघतो, मालकीच्या कागदावर नाव कुणाचं आहे.

'स्वतंत्र निर्मिती संस्था' या शब्दानेही थोडा गोंधळ होतो. स्वतंत्र म्हणजे सगळा पैसा स्वतःचा, असं नाही. कुठल्या मोठ्या स्टुडिओच्या किंवा वाहिनीच्या मालकीची नसलेली आणि काय बनवायचं हे स्वतः ठरवणारी, एवढाच त्याचा अर्थ. पैसा बाहेरून येतोच, आणि तो कुठल्या वाटेने येतो यावर हे स्वातंत्र्य किती टिकेल ते ठरतं.

एक वाट 'फर्स्ट कॉपी'ची. समजा, मोठी कंपनी म्हणाली, तीन कोटी घ्या आणि पूर्ण तयार सिनेमा आमच्या हातात द्या. छोटी संस्था त्या रकमेत सिनेमा बसवते, उरलं तर तिचं, कमी पडलं तर पदरमोड. डोक्यावर कर्ज राहत नाही, रात्री झोप लागते. पण सिनेमा पुढे तुफान चालला, तरी तो पैसा देणाऱ्याचा. दुसरी वाट कर्ज काढून स्वतः बनवायचं आणि मग हक्क तुकड्यातुकड्याने विकायचे: थिएटरचे वेगळे, टीव्हीचे वेगळे, ओटीटीचे, गाण्यांचे, डबिंगचे, रिमेकचे वेगळे. यात व्याज दर महिन्याला वाढत असतं आणि प्रदर्शन लांबलं की निर्मात्याचा जीव टांगणीला लागतो. तिसरी वाट भागीदारीची, मोठ्या कंपनीसोबत नाव आणि हक्क वाटून घ्यायचे. बहुतेक संस्था या तिन्ही वाटा आलटूनपालटून वापरतात.

रिमेकच्या हक्कांचं एक उदाहरण आपल्या घरचंच आहे. 'सैराट'वरून 2018 मध्ये हिंदीत 'धडक' आला. 2025 मध्ये 'धडक 2' आला, तो 'परियेरुम पेरुमाळ'वरून. करमाळा तालुक्यातून निघालेली एक गोष्ट आणि तिरुनेलवेलीतून निघालेली दुसरी, दोन्ही मुंबईच्या एकाच मोठ्या बॅनरखाली जाऊन पोचल्या. मूळ गोष्ट ज्या मातीतली, तिच्याकडे अशा वेळी काय परत येतं, ते मूळ निर्मात्याने कागदावर काय राखलं होतं त्यावर अवलंबून असतं.

आता मुख्य मुद्दा. पैसा देणारा प्रत्येक जण दोनच प्रश्न विचारतो. हिरो कोण? आणि हे चालेल का? प्रश्नांत वावगं काही नाही, त्याला पैसे परत हवे असतात. पण उत्तर शोधताना तो आधी चाललेल्या सिनेमांकडे बघतो. आधीच्या सिनेमांत जे चेहरे, जी आडनावं, जी बोली होती तीच त्याला खात्रीची वाटते. नवा चेहरा म्हणजे जोखीम. काळासावळा नायक म्हणजे जोखीम. वस्तीतली भाषा 'सगळ्यांना कळेल का?' म्हणून जोखीम. या सगळ्या साखळीत 'दलित नकोत', 'आदिवासी नकोत' असं तोंडाने कुणीच म्हणत नाही. तरी शेवटी पडद्यावर ते येत नाहीत, आणि आलेच तर मार खाणारे, दारू पिणारे किंवा कुणीतरी येऊन वाचवण्याची वाट बघणारे म्हणून येतात. ही साखळी तोडायची तर पहिल्या कडीलाच, म्हणजे निर्मात्याच्या खुर्चीत, जोखमीचा हिशेब वेगळ्या पद्धतीने करणारा माणूस बसावा लागतो.

तमिळमध्ये ते पा. रंजित यांनी केलं. चेन्नईजवळच्या आवडी भागातल्या कर्लपाक्कमचे रंजित चेन्नईच्या सरकारी कला महाविद्यालयात शिकले. त्यांचा पहिला सिनेमा 'अट्टकत्ती' 2012 मध्ये आला, 2014 मध्ये 'मद्रास', 2016 मध्ये रजनीकांतचा 'कबाली', 2018 मध्ये पुन्हा रजनीकांतला घेऊन 'काला'. हे चारही सिनेमे दुसऱ्यांच्या बॅनरचे. 'काला' धारावीतला, त्यात आपले नाना पाटेकर आणि अंजली पाटील होते, म्हणून मराठी प्रेक्षकांनीही तो आवर्जून पाहिला. भारतातला सगळ्यात मोठा स्टार आणि धारावीतून हुसकावली जाणारी माणसं एका चौकटीत आणणं सोपं नव्हतं.

व्यापारात एक शब्द आहे, पत. दोन रजनीपटांनी रंजित यांना बाजारात पत मिळवून दिली. ती पत त्यांनी स्वतःपुरती ठेवली नाही, दुसऱ्यांच्या पहिल्या सिनेमांमागे उभी केली. हेच 'नीलम प्रॉडक्शन्स'चं सार आहे. आपल्याकडे नीलम म्हटलं की अंगठीतलं रत्न आठवतं, पण तमिळमध्ये नीलम म्हणजे निळा रंग. 14 एप्रिलला ज्याने आपल्याकडचे रस्ते भरून जातात तोच निळा.

संस्थेचा पहिला कथापट 'परियेरुम पेरुमाळ', दिग्दर्शक मारी सेल्वराज. नाव कुणाला माहीत नाही, गोष्ट तिरुनेलवेलीच्या खेड्यातली, बोली तिथलीच. सुरुवातीलाच एक काळी कुत्री रेल्वेच्या रुळाला बांधून मारली जाते. अशा गोष्टीला पैसे देणारा शोधून सापडला नसता. सिनेमा चालला, नावाजला गेला. मारी सेल्वराज आज तमिळमधले आघाडीचे दिग्दर्शक आहेत आणि 2025 मधला त्यांचा 'बायसन' पुन्हा 'नीलम'नेच अप्लॉज एंटरटेनमेंटच्या भागीदारीत केला.

त्यानंतर संस्थेने एकामागून एक नव्या दिग्दर्शकांचे सिनेमे केले. अतियन आतिरै यांचा भंगारात सापडलेल्या दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बचा सिनेमा. फ्रँकलिन जेकब यांचा 'रायटर', पोलीस ठाण्यात कागद लिहिणाऱ्या वयस्कर हवालदाराची गोष्ट. पेरुमाळ मुरुगन यांच्या कथेवरचा 'सेत्तुमान', जो थेट ओटीटीवर आला. अरक्कोणमच्या क्रिकेटवरचा 'ब्लू स्टार'. आईच्या ढासळत्या मनावरचा 'जे. बेबी'. व्यसनमुक्ती केंद्रातल्या माणसाचा 'बॉटल राधा'. सगळे सारखे जमले नाहीत, सगळे सारखे चाललेही नाहीत. पण एक गोष्ट लक्षात घ्या: यांतले कित्येक सिनेमे अत्याचाराच्या कहाण्या नाहीत. क्रिकेट आहे, म्हातारी आई आहे, दारू सोडण्याची धडपड आहे. वंचित समाजातल्या कलावंताने कायम आपल्या जखमाच दाखवाव्यात, ही अपेक्षाही एक प्रकारचं बंधनच असते. त्याला प्रेमकथा करायची असेल, भुताची गोष्ट सांगायची असेल, तर तेवढी मोकळीक देणारी संस्था मला खरी वाटते.

कॅमेऱ्यामागच्या माणसांचं काय? दिग्दर्शक एका रात्रीत तयार होत नाही. तो आधी वर्षानुवर्षं सहायक असतो. सहायकाला मिळतो तुटपुंजा भत्ता, तोही सिनेमा चालू असेल तोवर. घरून पैसे येत असतील तर माणूस तग धरतो, नाहीतर वर्षभरात गावी परततो. गाळणी इथेच लागते, कुठल्याही निवडीच्या कितीतरी आधी. रंजित यांनी चेन्नईत सहायक दिग्दर्शकांसाठी 'कूगै' नावाचं वाचनालय काढलं. कूगै म्हणजे घुबड. पुस्तकं, सिनेमे, चर्चा आणि बसायला जागा. भाड्याच्या खोलीत पाच जणांसोबत राहणाऱ्या मुलाला शांतपणे वाचायला मिळणारी एक खुर्ची किती मोलाची असते, हे एमपीएससीच्या अभ्यासिकांत दिवस काढलेल्या आपल्या मुलांना वेगळं सांगायला नको.

संगीताची बाजू मला जास्त जवळची, म्हणून तिथे जरा रेंगाळतो. उत्तर चेन्नईच्या वस्त्यांत गाना नावाचा गाण्याचा प्रकार आहे. मयताच्या घरी रात्रभर बसून गायलं जाणारं, गेलेल्या माणसाचं आयुष्य शब्दांत गुंफणारं, मधेच जगाला खडे बोल सुनावणारं. सिनेमावाल्यांनी गानाची चाल कित्येकदा उचलली, गाणाऱ्याला मात्र दारातच ठेवलं. संगीतकार तेन्मा आणि रंजित यांनी मिळून 'द कास्टलेस कलेक्टिव्ह' हा बँड उभा केला आणि 6 जानेवारी 2018 रोजी चेन्नईत त्याचा पहिला जाहीर कार्यक्रम झाला. गाना गाणारे, रॅप करणारे, गिटार आणि ड्रम वाजवणारे असे 19 जण एका मंचावर. नावाची प्रेरणा एकोणिसाव्या शतकातले तमिळ बौद्ध विचारवंत अयोती दास यांच्या 'जातिभेद नसलेले तमिळ' या कल्पनेतून घेतलेली. त्या 19 जणांत इसैवाणी होती. गाना हा पुरुषांचा प्रांत मानला जातो, तिथे ही मुलगी उभी राहिली आणि 2020 मध्ये बीबीसीच्या जगभरातल्या 100 स्त्रियांच्या यादीत तिचं नाव आलं.

मार्गशीर्षाच्या आसपास, डिसेंबरच्या मध्यापासून, चेन्नईत मार्गळीचा संगीत हंगाम असतो. सभागृहांत कर्नाटक संगीताच्या मैफली, रेशमी साड्या, उपाहारगृहात गरम इडली. परै वाजवणारा, ओप्पारी म्हणजे मरणगीतं गाणारी बाई, यांना या हंगामात जागा नव्हती. 2020 पासून 'नीलम'च्या सांस्कृतिक केंद्राने त्याच महिन्यात 'मार्गळियिल मक्कळिसै', म्हणजे मार्गळीतलं लोकांचं संगीत, हा उत्सव सुरू केला. परै हे वाद्य आपल्या हलगीचं सख्खं भावंड. तीच चौकट, तेच कातडं, तसाच विस्तव दाखवून ताण आणायचा, आणि वाजवणाऱ्याच्या वाट्याला गावाबाहेरचं तेच घर. ते वाद्य प्रकाशझोतात, मानधन घेऊन आणि वाजवणाऱ्याचं नाव पत्रिकेवर छापून मंचावर आलं.

नाव छापण्यावर मी एवढा भर देतोय त्याला कारण आहे. 2012 मध्ये कॉपीराइट कायदा बदलला. तेव्हापासून गीतकार आणि संगीतकाराने सिनेमासाठी गाणं दिलं, तरी थिएटरबाहेर ते वाजल्यावर मिळणाऱ्या रॉयल्टीतला त्याचा वाटा त्याला सहीने सोडून देता येत नाही. गायक-वादकांचेही हक्क कायद्यात आहेत. पण हे सगळं मिळतं ज्याचं नाव नोंदलेलं आहे त्याला. आजीकडून ऐकलेलं गाणं कुणा नातवाने स्टुडिओत गायलं आणि कागदावर तिसऱ्याचंच नाव लागलं, तर कायदा त्या तिसऱ्यालाच ओळखतो. लोककलेचे कर्ते बहुतेक निनावी असतात, आणि निनावीपणाचा फायदा नाववाल्यांना मिळतो.

ऑगस्ट 2021 मधला प्रसंग यासाठी बोलका आहे. 'एन्जॉय एन्जामी' हे गाणं जगभर गाजत होतं. ते 'नीलम'चं नव्हे, पण लिहिणारा आणि गाणारा अरिवु हा कास्टलेस कलेक्टिव्हमधला. चहाच्या मळ्यांत राबलेल्या आजीच्या आठवणींतून त्याने ते शब्द आणले होते. एका मोठ्या संगीत मासिकाने त्या गाण्याचा उल्लेख करत मुखपृष्ठ केलं आणि त्यावर अरिवु नव्हता. रंजित यांनी जाहीरपणे आवाज उठवला, बरीच चर्चा झाली आणि मग मासिकाने अरिवुचं स्वतंत्र डिजिटल मुखपृष्ठ काढलं. एकट्या कलावंताने तक्रार केली असती तर 'फार बोलतो' म्हणून पुढची कामं गेली असती. पाठीशी संस्था असली की हे बोलता येतं.

आपल्याकडे याच वाटेवर नागराज मंजुळे यांची 'आटपाट' ही निर्मिती संस्था आहे. 'फँड्री'ला (2013) निर्माते दुसरे होते. त्यातला जब्या, सोमनाथ अवघडे, करमाळा तालुक्यातल्या केममध्ये हलगी वाजवताना दिसला आणि नागराज यांना आपला नायक सापडला. त्याला बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'सैराट' 'आटपाट'ने झी स्टुडिओजसोबत केला. अकलूजची रिंकू, करमाळ्याची बोली, नवे चेहरे, म्हणजे वर सांगितलेल्या सगळ्या 'जोखमी' एकाच सिनेमात. जवळपास चार कोटींत झालेल्या त्या सिनेमाने शंभर कोटींचा टप्पा ओलांडला. पण मला त्याहून मोलाचा वाटतो तो नंतरचा 'नाळ' (2018). 'सैराट'चे छायाचित्रकार, तेलुगू भाषक सुधाकर रेड्डी यक्कंटी यांना दिग्दर्शन करायचं होतं. 'सैराट'ने कमावलेली पत 'आटपाट'ने त्यांच्यामागे उभी केली, आणि त्यांना पदार्पणाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चेन्नईत रंजित यांनी मारीसाठी केलं, तेच इथे झालं. 'झुंड'मध्ये (2022) अमिताभ बच्चन होते म्हणून मोठा पैसा आला, आणि त्या पैशातून नागपूरच्या वस्तीतली पोरं त्यांच्या बरोबरीने पडद्यावर खेळली.

हे सगळं सुरळीत चाललंय असं मात्र नाही. अशा संस्था अजूनही एका माणसाच्या नावावर उभ्या आहेत, त्याचे दोन मोठे सिनेमे पडले तर मागे रांगेत असलेले पाच नवे दिग्दर्शक अडतात. छोट्या सिनेमाला थिएटरवाला सकाळचा खेळ देतो आणि सोमवारी उतरवतो. जबाबदारीची बाजूही झाकून चालणार नाही. जुलै 2025 मध्ये रंजित यांच्या 'वेट्टुवम'च्या चित्रीकरणात, नागपट्टिणम जिल्ह्यात, गाडीच्या स्टंटमध्ये एका अनुभवी साहसकलाकाराचा जीव गेला. रंजित यांच्यासह काही जणांवर गुन्हा दाखल झाला. निर्मात्याची खुर्ची घेतली की सेटवरच्या प्रत्येकाचा जीवही पदरात येतो. हेतू कितीही चांगला असो, सुरक्षेचा हिशेब वेगळा द्यावाच लागतो, आणि या संस्थांना आपण आपल्या मानत असू तर तो आपणच आधी मागितला पाहिजे.

एप्रिलमध्ये 'नीलम'चं सांस्कृतिक केंद्र चेन्नईत पी. के. रोझी यांच्या नावाने चित्रपट महोत्सव भरवतं. रोझी ही मल्याळम सिनेमाची पहिली नायिका. 'विगतकुमारन' हा तिचा मूकपट सुमारे 1930 मध्ये तिरुवनंतपुरमच्या कॅपिटल थिएटरात लागला. दलित मुलीने नायर स्त्रीची भूमिका केली म्हणून लोक खवळले, पडद्यावर दगड पडले, आणि तिला गाव सोडून तमिळ मुलखाकडे पळून जावं लागलं. दिग्दर्शक-निर्माते जे. सी. डॅनियल यांनी जमीन विकून तो सिनेमा केला होता. तिला भूमिका देण्याइतकी हिंमत त्यांच्याकडे होती, पण तिच्या पाठीशी उभं राहायला ना थिएटर होतं, ना प्रेक्षक, ना संस्था. तेही कफल्लक झाले. रोझी पुन्हा कधी पडद्यावर आली नाही. त्या सिनेमाची एकही प्रत आज शिल्लक नाही.